विक्री घटली, पण ग्राहक घटले नव्हते: एका ब्रँड मॅनेजरचं प्रकरण

पार्श्वभूमी

कंपनी मध्यम आकाराची, घरगुती स्वच्छतेच्या वस्तू बनवणारी. कपडे धुण्याचं लिक्विड डिटर्जंट हा तिचा सर्वांत जास्त नफा देणारा ब्रँड. या प्रकरणातली तरुणी बिझनेस स्कूलमधून बाहेर पडली, दोन वर्षं विक्री विभागात राबली आणि मग तिच्याकडे हा ब्रँड आला. ओळख पटू नये म्हणून इथे कुणाचंही नाव दिलेलं नाही. विक्रीचे आकडे गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीतल्या कंपनीच्या विक्रीला १०० धरून मांडले आहेत.

ब्रँड मॅनेजर या पदात एक पेच मुळातच आहे. जबाबदारी सगळी, हुकूम कुणावरच नाही. कारखाना, विक्री, खरेदी, हिशेब यांपैकी कोणताही विभाग त्याच्या हाताखाली नसतो. या पदाचं मूळ १९३१ पर्यंत मागे जातं. प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन ग्राहकवस्तू कंपनीतल्या नील मॅकएलरॉय यांनी तेव्हा एक अंतर्गत टिपण लिहून एकेका ब्रँडची पूर्ण जबाबदारी ठरावीक माणसांवर सोपवावी असं सुचवलं होतं. विक्री कमजोर असेल तिथे ब्रँडच्या माणसाने स्वतः जाऊन दुकानदार आणि ग्राहक दोघांना भेटावं आणि दुखणं शोधून काढावं, असंही त्या टिपणात आहे. ग्राहकवस्तूंच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हा भाग लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण या प्रकरणाची किल्ली तिथेच सापडली.

अडचण

तिमाहीच्या आढावा बैठकीत पडद्यावर आकडा आला: ८२. गेल्या वर्षी १००, यंदा ८२. सेल्स हेड दोन दशकांहून जास्त काळ बाजारात वावरलेले. त्यांचं निदान तयार होतं. प्रतिस्पर्ध्याने स्वस्त पॅक आणला आहे, आपला दर जड झालाय, दहा टक्के उतरवा. संचालकांनी तिला तीन आठवड्यांत प्रस्ताव आणायला सांगितलं. प्रस्ताव म्हणजे दर किती आणि कधी उतरवायचा याचा कागद, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

पहिला महत्त्वाचा निर्णय इथे झाला. बाहेरून पाहणाऱ्याला तो निर्णय वाटणारही नाही. तिने दर कपातीचं गणित मांडायला घेतलंच नाही. तिने विचारलं की ८२ हा आकडा नेमका कशाचा आहे. कारखान्यातून वितरकांकडे गेलेल्या मालाचा, की घराघरांत पोचलेल्या मालाचा? विक्रीच्या भाषेत पहिल्याला प्रायमरी म्हणतात. माल वितरकाकडून दुकानात गेला की सेकंडरी, आणि दुकानातून ग्राहकाच्या पिशवीत गेला की ती खरी खपत. बैठकीतला आकडा प्रायमरीचा होता. खपत कुणीच मांडली नव्हती.

आकडा उलगडताना

वितरकांकडचा साठा त्यांच्या प्रणालीतून मिळाला. दुकानांतला साठा एरिया मॅनेजरांकडून अंदाजाने घेतला आणि मग जुळवाजुळव झाली. गेल्या वर्षी त्या तिमाहीत कंपनीने १०० विकलं होतं, पण ग्राहकांनी उचललं होतं ९३. उरलेले ७ तिमाहीअखेरच्या स्कीमवर वितरकांकडे ढकललेले. यंदा खपत होती ८५ आणि कंपनीची विक्री ८२, कारण वितरक साठलेला माल आधी उपसत होते. म्हणजे १८ च्या घसरणीतले ७ गेल्या वर्षीच्या फुगवट्याचे, ३ यंदाच्या उपशाचे आणि ग्राहकांकडून आलेली खरी घट फक्त ८ ची.

दुकानापासून कारखान्यापर्यंतच्या पुरवठा साखळीत वर जावं तसे चढउतार मोठे दिसतात, ही गोष्ट या क्षेत्राला चांगली ठाऊक आहे. लहान मुलांच्या डायपरची खपत जवळजवळ स्थिर असूनही ऑर्डरी मात्र हेलकावे खातात, हे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांना दिसलं होतं आणि त्यांनीच त्याला 'बुलव्हिप' हे नाव दिलं. १९९७ मध्ये पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याची कारणं मांडली, त्यांत सवलतीच्या काळात आगाऊ खरेदी हे एक प्रमुख कारण होतं. तिने हे वर्गात शिकलं होतं. वर्गात शिकलेलं आपल्याच कंपनीच्या तक्त्यात ओळखता येणं ही वेगळी गोष्ट, आणि बिझनेस स्कूलमधल्या शिक्षणाचा कस तिथे लागतो.

आता प्रश्न उरला ८ चा. ९३ वरून ८५ म्हणजे सुमारे ८.६ टक्के घट. तिने खपतीची फोड केली: किती घरं विकत घेतात, किती दिवसांनी घेतात, एका वेळी किती घेतात. ग्राहक पॅनेलच्या, म्हणजे ठरावीक घरांच्या खरेदीच्या नियमित नोंदींच्या, आकड्यांत घरांची संख्या जिथल्या तिथे होती. एका वेळची खरेदीही तशीच, एक बाटली. बदललं होतं ते दोन खरेद्यांमधलं अंतर, सरासरी ४२ दिवसांवरून ४६ दिवसांवर. ४२ ला ४६ ने भागा, घट जवळपास तेवढीच निघते. सगळी घसरण या चार दिवसांत होती.

सेल्स हेडचं दराचं निदान इथे डळमळलं. लोक प्रतिस्पर्ध्याकडे गेले असते तर घरं कमी झाली असती. ती तर तिथेच होती, फक्त बाटली जास्त दिवस पुरत होती. पण का?

हे तक्त्यातून कळणार नव्हतं, म्हणून ती घरं पाहायला निघाली. एका घरात धुलाई यंत्राच्या बाजूला बाटली ठेवलेली, आणि बाटलीच्या झाकणावर दुसरं, मोठं झाकण उपडं घातलेलं. घरच्या बाईंनी सांगितलं, "हे जुन्या बाटलीचं. नव्या झाकणात किती ओतलं ते कळतच नाही, म्हणून जपून ठेवलंय." शेजारच्या घरात जुनं झाकण केव्हाच टाकून दिलेलं. तिथे नवं झाकण काठोकाठ भरून एकदा ओततात आणि काम भागतं. पहिल्या घरात बाटली पूर्वीइतकेच दिवस पुरत होती, दुसऱ्या घरात जास्त.

आठ महिन्यांपूर्वी झाकण बदललं होतं. प्लास्टिक वाचवण्यासाठी खरेदी विभागाने केलेला बदल. जुन्या मोठ्या झाकणात मापाची रेघ अर्ध्याच्या थोडी वर, पण ती नीट दिसायची नाही, आणि लोक सवयीने गरजेपेक्षा जास्त ओतायचे. नवं झाकण आकाराने लहान, भरलं तरी योग्य मापाच्या आसपासच. बदलाच्या मंजुरीपत्रकात 'ग्राहकावर परिणाम' असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं: नाही.

दहा-बारा घरांवरून निष्कर्ष काढायचा नाही एवढं तिला पक्कं माहीत होतं. तिने आधी लिहून ठेवलं की कारण झाकण असेल तर काय दिसायला हवं: जुना साठा जिथे आधी संपला त्या भागात अंतर आधी वाढलं असलं पाहिजे, जिथे उशिरा संपला तिथे उशिरा. मग पॅनेलचे आकडे भागवार मागवले. क्रम जुळला. आपलं म्हणणं कशाने खोटं ठरेल हे आकडे उघडण्याआधीच कागदावर मांडायचं, ही सवय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

पर्याय

पाच पर्याय टेबलावर आले. प्रत्येकामागे कुणीतरी मनापासून उभं होतं.

दहा टक्के दर कपात. विक्री किमतीतून बदलता खर्च (बाटलीगणिक वाढणारा) वजा जाऊन ३० टक्के उरत होते, यालाच योगदान म्हणतात. दर १० टक्क्यांनी उतरला की जुन्या किमतीच्या हिशेबाने ३० चे २० उरतात. तेवढंच योगदान टिकवायचं तर खप दीडपट व्हायला हवा, म्हणजे ८५ वरून जवळजवळ १२८. चांगल्या तिमाहीतही खपत ९३ च्या आसपास राहिली होती. शिवाय डिटर्जंट स्वस्त झालं म्हणून कुणी जास्त कपडे धूत नाही. घरात दोन बाटल्या साठतात आणि पुढची खरेदी तेवढी लांबते. प्रतिस्पर्ध्याचे ग्राहक ओढून आणल्याशिवाय हा पर्याय उभा राहत नव्हता, आणि तोही गप्प बसणार नव्हता.

दुकानदारांसाठी मोठी स्कीम. तिमाही सुधारली असती. पण गेल्या वर्षीचे ७ असेच आले होते.

जुनं झाकण परत आणणं. हिशेब विभागातल्या एकाने हे सहज म्हणून मांडलं आणि खोलीत शांतता पसरली, कारण आकड्यांत हाच पर्याय सर्वांत सरळ होता. झाकण मोठं करा, लोक पुन्हा जास्त ओततील, खप परत येईल. तिने विरोध केला. ग्राहकाने गरजेपेक्षा जास्त ओतावं यासाठी माप बदलायचं आणि त्या नासाडीवर आपली वाढ उभी करायची, हे तिला मान्य नव्हतं. मला तिची बाजू पूर्ण पटते. सेल्स हेडने तिला दुजोरा दिला, पण त्यांचं कारण वेगळं होतं: झाकणांवर खर्च दुप्पट होईल आणि कारखान्यातली उत्पादनाची लाइन महिनाभर अडकेल.

बाटलीतलं डिटर्जंट कमी करून किंमत तीच ठेवणं. हा पर्याय झटकून टाकण्यासारखा नव्हता. नव्या झाकणाने कमी डिटर्जंटमध्येही पूर्वीइतक्याच धुलाया होत होत्या, त्यामुळे ग्राहकाचं खऱ्या अर्थाने नुकसान नव्हतं. अडचण अशी की दुकानात उभा असलेला माणूस धुलाया मोजत नाही, लेबलावरचं निव्वळ प्रमाण वाचतो. तिथला आकडा घटला की त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि शेजारच्या बाटलीशी तुलनेत आपण महाग ठरतो.

पाचवा पर्याय तिचा. झाकण तेच ठेवायचं, मापाची रेघ ठळक करायची, एका बाटलीत किती धुलाया होतात ते लेबलावर समोर मोठ्याने छापायचं आणि वाढ नव्या घरांमधून आणायची. बाजारपेठेच्या अभ्यासाचा इथे आधार होता. लहान आणि मोठ्या ब्रँडमधला फरक मुख्यतः ग्राहकांच्या संख्येत असतो, एकेक ग्राहक किती वेळा घेतो यात तुलनेने कमी असतो, हे अँड्र्यू एरनबर्ग यांनी खरेदीच्या आकड्यांतून पुन्हा पुन्हा दाखवलं होतं. या पर्यायाची किंमतही तिने लपवली नाही. येत्या दोन तिमाही विक्री गेल्या वर्षीच्या खालीच राहील, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलं.

निर्णय आणि अंमलबजावणी

प्रस्ताव बैठकीत मांडण्याआधी ती सेल्स हेडकडे गेली. त्यांनी आकडे नीट वाचले. मग म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे. पण माझ्या वितरकाचे पैसे गेल्या वर्षीपासून मालात अडकलेत. तुझं नवं लेबल तो उचलणार कशाने?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. गेल्या वर्षीचे ७ हा तिच्या तक्त्यात एक आकडा होता. वितरकाच्या घरात ते कर्ज होतं. "सर, तुम्ही काय कराल?" असं तिने विचारलं, आणि पुढचा अर्धा आराखडा त्यांनी सांगितला: एक तिमाही ढकलणं पूर्ण बंद, विक्रीच्या माणसांचं टार्गेट प्रायमरीवरून सेकंडरीवर, आणि जुना साठा एका पातळीखाली आल्याशिवाय त्या भागात नवं लेबल पाठवायचं नाही. टार्गेट बदलायचा अधिकार त्यांचा होता, तिचा नव्हता. त्यांनी तो वापरला म्हणून हे प्रकरण पुढे सरकलं.

देशभर जाण्याआधी तिने एक बैठक घेतली. गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'तल्या लेखात सांगितलेल्या प्री-मॉर्टेम पद्धतीची. योजना फसली आहे असं आधीच धरायचं आणि प्रत्येकाने कारणं लिहायची. कारखान्यातल्या एका पर्यवेक्षकाने लिहिलं की ठळक रेघेची शाई ओल्या हातांनी पुसली जाते. रेघ छापण्याऐवजी साच्यातच उठावदार करायचं ठरलं.

मग चाचणीच्या मुदतीचा प्रश्न आला. संचालकांना सहा आठवडे पुरेसे वाटत होते, ती तेरा मागत होती. दोन खरेद्यांमध्ये ४६ दिवस जातात. नव्या घराने एकदा बाटली घेतली यावरून काही कळत नाही, पुन्हा घेतली का ते कळायला हवं, आणि त्यासाठी दोन फेऱ्या पूर्ण व्हाव्या लागतात. शेवटी दहा आठवड्यांवर तडजोड झाली. चाचणीचे भाग विक्री विभागाने निवडले, आणि तुलनेसाठी एक भाग काहीही न बदलता राखला.

निष्पत्ती

दहा आठवड्यांनी चाचणीच्या भागांत घेणारी घरं (चाचणीआधीची संख्या १०० धरून) १०० वरून १०६ वर गेली होती, खरेदीतलं अंतर ४६ दिवसांवरच होतं, आणि खपत ८५ वरून ९० वर आली होती. राखलेल्या भागात हालचाल नव्हती. देशभर जायला हिरवा कंदील मिळाला.

वर्षाअखेरीस मात्र देशभरात घरं १०३ वरच थांबली होती. खपत साधारण ८७ ते ८८. गेल्या वर्षीचे ९३ परत आले नाहीत. नफ्याचं चित्र वेगळं होतं: दर टिकला, स्कीमवरचा खर्च उतरला, झाकण स्वस्त पडलं, आणि प्रति बाटली योगदान वाढलं. वितरकांकडचा साठा उतरल्यावर प्रायमरी आणि खपत यांतलं अंतर जवळजवळ मिटलं.

तिच्या करिअरचं काय झालं, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्या वर्षीच्या मूल्यमापनात तिला मध्यम श्रेणी मिळाली, कारण वार्षिक उद्दिष्ट खपाचं होतं आणि ते चुकलं होतं. तिला वाईट वाटलं, आणि ते रास्तच होतं. पुढच्या वर्षी कंपनीने किंमत, पॅक आणि स्कीम यांचं एकत्र नियोजन करणारं नवं पद काढलं, तेव्हा तिचं नाव सेल्स हेडने सुचवलं. बिझनेस स्कूलमधल्या विचारपद्धतीचा करिअरला होणारा फायदा बहुतेक वेळा असाच उशिरा पोचतो, आणि मतभेद असूनही ज्यांना सोबत घेतलं अशा माणसांमार्फत पोचतो. आकड्यांची फोड बिझनेस स्कूलच्या बऱ्याच मुलांना जमते. ती फोड घेऊन सेल्स हेडच्या खोलीत जाणं आणि तिथून बदललेला आराखडा घेऊन बाहेर येणं फार थोड्यांना जमतं.

काय वेगळं करता आलं असतं

चाचणीतले ६ देशात ३ कसे झाले याची दोन कारणं नंतर सापडली. पहिलं, मुदत. दहा आठवड्यांत उशिरा आलेल्या घरांना दुसरी खरेदी करायची वेळच आली नव्हती, आणि त्यातली बरीच घरं परत आली नाहीत. तेरा आठवडे थांबलं असतं तर ही गळती चाचणीतच दिसली असती. दुसरं कारण जास्त शिकवणारं आहे. विक्री विभागाने चाचणीसाठी असे भाग निवडले जिथे त्यांचे वितरक मजबूत आणि दुकानदारांशी संबंध चांगले होते. त्यात कुणाची लबाडी नव्हती, चाचणी नीट पार पडावी एवढीच इच्छा होती. पण असे भाग देशाचं प्रतिनिधित्व करत नाहीत. भाग चिठ्ठ्या टाकून निवडायचा आग्रह तिने धरायला हवा होता. मुदतीसाठी भांडताना ही बाब तिच्या नजरेतून निसटली.

बाटलीतलं डिटर्जंट कमी करण्याचा पर्याय फार लवकर बाजूला गेला असं माझं मत आहे. किंमतही त्याच प्रमाणात खाली आणून, धुलायांचा आकडा समोर छापून, तो एका भागात तपासता आला असता. ग्राहकाला फसवल्यासारखं वाटेल हे गृहीत होतं, आणि बाकी सगळी गृहीतकं तपासणाऱ्या माणसाने हे एक मात्र तसंच सोडलं.

मूल्यमापनाचा निकषही आधीच बदलून घ्यायला हवा होता. दोन तिमाही खप कमी राहील हे संचालकांनी मान्य केलं, पण तिचं आणि विक्रीच्या माणसांचं वार्षिक उद्दिष्ट मात्र तेच राहिलं. मंजुरी मिळाली त्याच बैठकीत हे मागता आलं असतं. नंतर मागितलं की ते सबबीसारखं दिसतं.

कंपनीत टिकलेला बदल एका कागदावर आहे. पॅकमधल्या कोणत्याही बदलाच्या मंजुरीपत्रकात 'ग्राहकावर परिणाम' या रकान्याखाली आता ब्रँड मॅनेजरची सही लागते, आणि बदल बाजारात पोचल्यावर दोन खरेद्यांच्या मुदतीनंतर खरेदीतलं अंतर मोजून त्याच पत्रकावर लिहावं लागतं. नुसतं 'नाही' लिहिलेलं पत्रक खरेदी विभाग आता स्वीकारत नाही.